दयामरण : एका शब्दाची समीक्षा

न्यायालयाचें निकालपत्र हा समीक्षेचा विषय कसा होऊं शकतो, अशी शंका कांहीं वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु ज्या लेखनामुळें समाजाच्या तोंडीं नवे शब्द बसतात, त्याची पारख करणें हें समीक्षकाचें कामच होय. अरुणा शानभाग प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं दिलेला निकाल या दृष्टीनें पुन्हा वाचण्याजोगा आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील ही परिचारिका नोव्हेंबर १९७३ मध्यें तेथील एका सफाई कामगाराच्या अमानुष हल्ल्यास बळी पडली, आणि १८ मे २०१५ रोजीं देहान्त होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथेंच अंथरुणास खिळून राहिली. तिच्याविषयीं १९९८ मध्यें इंग्रजी ग्रंथ लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनीं तिला अन्न देणें थांबवावें असा अर्ज केला. शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनीं त्यास विरोध केला. अरुणेचे खरे सुहृद् रुग्णालयांतील हे सेवकच, असें ठरवून न्यायालयानें अर्ज फेटाळला. मात्र त्याच निकालानें, उच्च न्यायालयाच्या संमतीनें अशा रुग्णाचे जीवनरक्षक उपचार थांबविण्याचा मार्गही मोकळा केला.

निकालाचा आरंभ गालिबच्या शेरानें होतो, आणि करुणेचा तो सूर अखेरपर्यंत टिकतो. हा त्याचा गुण. दोषही त्यांतच आहे. सारा वाद ‘अरुणेवर खरी माया कोणाची’ या प्रश्नाभोंवतीं फिरतो. तिची स्वतःची इच्छा कळण्यास मार्ग नव्हता, हें खरें; पण मूळ प्रश्न तोच होता, याचा वाचकास विसर पडतो.

‘दयामरण’ या शब्दांत नेमका हाच दोष आहे. त्यांत दया करणारा दुसराच कोणी; मरणारा केवळ त्या दयेस पात्र. आमच्या परंपरेंतील ‘प्रायोपवेशन’ पाहा : तेथें कर्ता स्वतः मरणोन्मुख मनुष्य असतो. नोव्हेंबर १९८२ मध्यें पवनारला विनोबांनीं अन्न व औषध वर्ज्य केलें, त्यास दयामरण म्हणणें कोणासही रुचणार नाहीं. ‘इच्छामरण’ हा शब्द कर्त्याला जागा देतो खरा, परंतु तो भीष्माच्या वराची आठवण देतो. अतिदक्षता विभागांतील रोगी मरण बोलावीत नसतो, निष्फळ उपचार नाकारीत असतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. श्वसनयंत्र काढलें तर मृत्यु रोगानें येतो. प्राणघातक औषध टोंचलें तर तो टोंचणाऱ्याच्या हातून येतो. दोहोंस एकच नांव दिल्यानें, यंत्र काढण्यास संमति देणारा मुलगा ‘बापाला आपणच मारलें’ हा सल जन्मभर वागवितो. उलट बाजूची भीतिही खोटी नाहीं. रुग्णालयाचें बिल दररोज वाढत असतां नातलगाची दया कोठें संपते आणि त्याचा थकवा कोठें सुरू होतो, हें त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं. म्हणूनच हा निर्णय दयेवर सोंपविणें धोक्याचें आहे.

९ मार्च २०१८ च्या पांच न्यायमूर्तींच्या निकालानें ही उणीव बरीच भरून काढली. सन्मानानें मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कांतच येतो असें सांगून, शुद्धींत असतांना लिहिलेल्या वैद्यकीय इच्छापत्रास त्यानें मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजीं त्यावरील दंडाधिकाऱ्याच्या सहीची अटही गेली. नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढील साक्षांकन पुरेसें झालें. प्राणघातक औषध देण्यास मात्र मनाई कायम राहिली.

वाक्यांतून हरवलेला कर्ता असा परत आला. पण त्यानें कागदावर कांहीं लिहून ठेविलें असेल तरच. मृत्यूचें नांव घरांत काढणें अशुभ मानणाऱ्या आम्हां सुशिक्षितांनीं तें लिहिण्याचें धैर्य दाखविलें नाहीं, तर आमच्या मरणाचा निर्णय पुन्हा दुसऱ्याच्या दयेवरच पडेल.