परवलीच्या शब्दाचा अभिप्रेत वापरकर्ता : एक चिकित्सा

प्रस्तावना

कोणतीही संहिता आपला वाचक गृहीत धरूनच लिहिली जाते. साहित्यसमीक्षा ज्याला 'अभिप्रेत वाचक' म्हणते, तसाच एक माणूस संगणकीय सूचनांमागेही उभा असतो. 'किमान आठ अक्षरे, त्यांत एक मोठे अक्षर, एक अंक व एक विशेष चिन्ह हवे. दर नव्वद दिवसांनी बदल करा' ही पासवर्डविषयीची सूचना सर्वपरिचित आहे. ती कोणत्या माणसाला उद्देशून आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नियम आणि माणूस

अशा नियमांना अमेरिकेतील 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी' या संस्थेच्या २००४ मधील मार्गदर्शिकेने मोठे बळ दिले. त्यामागील गणित सरळ आहे. कळफलकावरील ९४ चिन्हांतून आठ स्थाने भरल्यास सहा हजार लाख कोटींहून अधिक जुळण्या संभवतात. परंतु अक्षरे निव्वळ यदृच्छेने निवडली जातील, हे त्यातील गृहीतक होय. प्रत्यक्षात माणूस आराध्यदैवताचे किंवा अपत्याचे नाव घेतो, पहिले अक्षर मोठे करतो, शेवटी '@१२३' जोडतो आणि मुदत संपली की तीनचे चार करतो. नियमाचे पालन होते. सुरक्षितता मात्र साधत नाही, कारण ही सवय चोरालाही ठाऊक असते.

दुसरे गृहीतक लिपीचे आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. ज्याने रोमन लिपी केवळ ओळखीपुरती शिकली, त्याला 'एक मोठे अक्षर' ही अट अनाकलनीय वाटते. मग कचेरीतील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात पासवर्ड लिहून ठेवला जातो आणि त्याबद्दल बोल लावला जातो तो लिहिणाऱ्यालाच. ॲन ॲडम्स व अँजेला सासे यांनी १९९९ मध्येच 'वापरकर्ते शत्रू नव्हेत' अशा आशयाच्या शीर्षकाचा शोधनिबंध लिहून या दोषारोपणाला आव्हान दिले होते.

पुनर्विचार

२०१७ मध्ये त्याच संस्थेने आपली भूमिका बदलली. चिन्हांच्या मिश्रणाची सक्ती व ठरावीक मुदतीने बदल करायला लावणे टाळावे, लांबीला महत्त्व द्यावे, फुटलेल्या पासवर्डांची यादी पडताळावी आणि रोमनेतर अक्षरेही स्वीकारावीत, असे तिने सुचविले. मूळ मार्गदर्शिकेचे एक लेखक बिल बर यांनीही त्याच वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. २०२५ च्या आवृत्तीत तर मिश्रणाच्या सक्तीला स्पष्ट मनाई आहे.

समारोप

सुलभता म्हणजे ढिलाई, हा समज या घटनाक्रमाने खोटा ठरतो. स्मरणाची मर्यादा हा वापरकर्त्याचा अपराध नसून रचनाकाराने विचारात घ्यावयाची वस्तुस्थिती आहे. तरीही जुना नियम अनेक संकेतस्थळांवर टिकून आहे. ज्या संहितेचा वाचक अस्तित्वातच नाही, ती बदलणे आवश्यक ठरते; तिच्यासाठी माणसे बदलण्याचा अट्टाहास व्यर्थ होय.