‘करावे’, ‘पाहिजे’ आणि ‘लागते’

‘जावे’, ‘गेले पाहिजे’, ‘जावे लागते’ ही रूपे एका ओळीत मांडून त्या सर्वांपुढे ‘कर्तव्यार्थ’ एवढेच लिहिण्याची आपल्या शालेय व्याकरणांची रीत आम्हांस मान्य नाही. हिंगोलीकडचा शेतकरी हा घोटाळा करीत नाही. बहिणीच्या घरी कार्य असेल तर तो म्हणेल, ‘गेलं पाहिजे’. तारखेस कचेरीत बोलावणे आले तर ‘जावं लागतंय’. पैनगंगा ओलांडून वाशीमकडे गेले की वऱ्हाडी माणूस ‘जा लागते’ म्हणतो. त्याने ‘वे’ गाळला, ‘लागते’ मात्र सोडले नाही; कारण अर्थाचा भार तेथेच आहे. काटा लागतो, तहान लागते, तसे कामही बाहेरून येऊन माणसास लागते.

‘पाहिजे’चे मूळ निराळे. जुन्या मराठीतील ‘कीजे’, ‘देखिजे’ यांच्या पंक्तीतले हे कर्मणी रूप; अर्थ ‘पाहिले जाते’. ज्याची वाट पाहिली जाते ते हवेसे होते, आणि हवेसे ते पुढे कर्तव्य होते. गुजरातीने ‘जोवुं’ म्हणजे पाहणे, यापासून ‘जोईए’ अगदी याच वाटेने घडविले. हिंदीचे ‘चाहिए’ही कर्मणीच. सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यातली दखनी मात्र येथे ‘मेरे कू होना’ म्हणते, आणि तेलुगूचे ‘कावालि’ही ‘होणे’ या अर्थाच्या धातूचेच आहे. युरोपात पाहावे तर जर्मन ‘झोलन’चे नाते ऋणाशी आहे, आणि इंग्रजी ‘ऑट’ हे ‘देणे असणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप. त्यांचे कर्तव्य कर्जातून निघाले, आमचे नजरेतून! यावरून लोकस्वभावाचे सिद्धांत काढणारे काढोत. आम्हांस तो मोह नाही.

खरी कसोटी नकारात लागते. जर्मन ‘म्युसन’ आणि इंग्रजी ‘मस्ट’ ही सख्खी भावंडे. तरी प्रमाण जर्मनमध्ये नकार जोडला की ‘जाण्याची गरज नाही’ असा अर्थ होतो, इंग्रजीत तोच निषेध ठरतो. डच भाषेतले त्यांचे भावंड इंग्रजीच्या बाजूस झुकते, आणि उत्तर जर्मनीच्या बोलण्यातही तशीच छटा ऐकू येते. इंग्रजीवर वाढलेला आमचा भाषांतरकार जर्मन वाक्यात येथेच फसतो. मराठीत ‘जाऊ नये’ म्हणजे मनाई, ‘जावे लागत नाही’ म्हणजे मोकळीक. ‘जायला नको’ तेवढे दोहोंच्या मध्ये, बोलणाऱ्याच्या स्वरावर अवलंबून. इतके साहित्य घरात असता मुलांकडून केवळ ‘कर्तव्यार्थ’ पाठ करून घ्यावयाचे काय?

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. सूचनाफलकावर ‘अर्जासोबत सातबारा जोडावा’ असे असते. याच ‘-आवे’ प्रत्ययाने आजी नातवास ‘सकाळी लवकर उठावे’ असा उपदेश करीत असते. म्हणून वाचणारा ती सूचना सल्ला समजतो, उतारा न जोडता अर्ज देतो, आणि अर्ज परत येतो. ‘जोडावाच लागेल’ असे लिहिण्यास दोनच अक्षरांची नव्हे, थोड्या प्रामाणिकपणाचीही तोशीस पडते. फलक लिहिणारास तो शब्द ग्राम्य वाटतो; खिडकीपाशी उभ्या माणसास मात्र तोंडी उत्तर त्याच शब्दात मिळते: ‘सातबारा लागतो.’