खाट, खट्वा आणि कट्टिल

मराठी 'खाट' हा शब्द संस्कृत 'खट्वा'पासून आला, एवढे सांगून आपले बहुतेक व्युत्पत्तिलेखक थांबतात. ध्वनिदृष्ट्या या विधानात उणे काही नाही. प्राकृत 'खट्टा'तील जोडव्यंजन एकेरी होऊन पूर्वस्वर दीर्घ झाला आणि अंत्य आकार गळूनही शब्द स्त्रीलिंगीच राहिला. 'जीभ'चे लिंगही असेच टिकले. परंतु हा खाटेचा इतिहास झाला, उगम नव्हे. ऋग्वेदात शय्येसाठी 'तल्प', 'वह्य' हे शब्द येतात, 'खट्वा' येत नाही. पाणिनीच्या काळी मात्र तो इतका रुळला होता की 'खट्वारूढ' या निंदावाचक समासासाठी त्याला स्वतंत्र सूत्र (२.१.२६) करावे लागले. (अध्ययन पुरे होण्याआधीच खाटेवर चढणारा तो खट्वारूढ, वसतिगृहांना हा शब्द आजही उपयोगी पडावा.)

तमिळ व मल्याळममध्ये खाटेला 'कट्टिल' म्हणतात. बरो व एमेनो यांच्या १९६१च्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात ही तुलना नोंदलेली आहे. तमिळ 'कट्टु' म्हणजे बांधणे. सुंभाने विणलेल्या खाटेस हा अर्थ इतका चपखल बसतो की अभ्यासक येथेच मोहात पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा मोह आवरला पाहिजे. मूळ द्राविडीत महाप्राण नाहीत. मग 'ख' कोठून आला? आणि 'वा'ची उपपत्ती काय? उलट, प्राकृत 'खट्टा' तमिळने उचलला म्हणावे, तर 'इल' शिल्लक राहतोच.

अर्थावरून निर्णय होईल अशीही आशा नको. जुन्या तमिळ काव्यात 'कट्टिल' म्हणजे सिंहासन, आणि राजाचा नगारा ठेवण्याचा मंचही. बाल्टो-स्लाव्हिकात असेच घडले: लिथुआनियन 'स्तालस' म्हणजे मेज, प्राचीन स्लाव्हिकातील त्याच कुळाचा शब्द आसन व सिंहासन दाखवतो, रशियन 'स्तोल' पुन्हा मेज. तेथेही मूळ धातू 'उभे राहणे' या अर्थाचा की 'मांडणे' या अर्थाचा, हा वाद आहेच. घरातील सामानाची नावे एका वस्तूवरून दुसरीवर सहज सरकतात. म्हणून येथे ध्वनीचीच साक्ष मुख्य मानणे प्राप्त आहे.

इंग्रजीने हिंदी 'खाट' घेतली आणि तिची 'कॉट' केली. तीच कॉट पुण्याच्या पेठांत 'कॉट बेसिस'च्या पाट्यांवर परत आली आहे. या प्रवासात 'ख'चा 'क' झाल्याचे स्पष्ट दाखवता येते. 'कट्टिल'ची 'खट्वा' झाली म्हणणाऱ्याने याच्या उलट घडल्याचे दाखवावयास हवे, आणि पटेल असा पुरावा प्रस्तुत लेखकास अद्याप आढळलेला नाही.