हरणाऱ्यांच्या आखाड्यातील हसू

मुलांसाठी निघालेल्या विनोदी मालिकांकडे समीक्षक सहसा गांभीर्याने पाहत नाहीत. घरातील मुले खळखळून हसली की विषय संपला, अशीच आपली समजूत असते. परंतु मूल कोणाला हसते आणि कोणाबरोबर हसते, यावरून त्याच्या मनाची घडण होत असते. या दृष्टीने डिस्ने एक्सडी वाहिनीवर २०११ ते २०१५ या काळात चार पर्वांत दाखविली गेलेली 'किकिन' इट' ही अमेरिकन मालिका आम्हांस विचारात घेण्याजोगी वाटते.

जिम ओडोहर्टी यांच्या या मालिकेचे कथानक साधे आहे. सीफोर्ड गावातील एका बाजारसंकुलात 'बॉबी वासाबी' नावाची कराटेची शाळा आहे. वासाबी म्हणजे जपानी जेवणातील झणझणीत हिरवी चटणी. तेव्हा विनोदाला नावापासूनच सुरुवात होते. शाळेची कामगिरी यथातथाच. पुस्तकात बुडालेला हडकुळा मिल्टन, बढाईखोर जेरी आणि साधाभोळा एडी हे तिचे शिष्य. त्यांचे गुरू रुडी हे वयाने मोठे, पण वागण्यात शिष्यांहूनही पोरकट. अशा ठिकाणी कराटेत मुरलेला जॅक येऊन दाखल होतो. पुढे किम ही मुलगी प्रतिस्पर्धी 'ब्लॅक ड्रॅगन्स'ची लबाडी पाहून त्यांची साथ सोडते आणि या हरणाऱ्यांत सामील होते.

किमचा हा निर्णय हाच आमच्या मते मालिकेचा कणा होय. जिंकणाऱ्यांचा गट सोडून कमकुवत गटात जाणे हे बालप्रेक्षकांना सहसा कोणी दाखवीत नाही. रुडींचे पात्रही या संदर्भात पाहावे. जेसन अर्ल्स यांनी रंगविलेला हा गुरू हास्यास्पद आहे खरा. तथापि शिष्य कच्चा म्हणून त्याला तो दारातून परत पाठवीत नाही. गुरूची टवाळी होते म्हणून नाराज होणाऱ्या पालकांनी त्याचा हा गुण ध्यानी घ्यावा.

मात्र मालिकेची खरी उणीव जॅकपाशीच आहे. ही भूमिका करणारा लिओ हॉवर्ड लहानपणापासून कराटे शिकलेला असल्याने त्याच्या हालचाली देखण्या आहेत. परंतु संकट आले की सर्वांचे डोळे त्याच्याकडे लागतात. १९८४ च्या 'द कराटे किड' या चित्रपटात दुबळा मुलगा कुंपण रंगवीत, मोटारी पुसत कष्टाने विद्या मिळवितो. येथे ती जॅकबरोबर आयतीच चालून येते. परिणामी मिल्टनच्या दुबळेपणाचा विनोद होतो, त्याच्या कष्टांची कथा क्वचितच होते. शाळेची लाज एका गुणवंताने राखायची आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या, हा धडा आपल्या परीक्षाप्रिय घरांत नवा नाही.

दुसरा आक्षेप मारामारीबद्दल. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी ओकिनावाची ही विद्या टोकियोत सादर केली. पहिला प्रहार आपला नसावा, अशी त्यांची शिकवण होती. जॅक बहुधा ही मर्यादा सांभाळतो. परंतु त्याचे फटके खाणाऱ्यांना होणारी वेदना विनोदाच्या ओघात कोठेच उरत नाही. हात उगारण्याआधी मुलाला त्या वेदनेची जाणीव असावयास हवी.

इतके असूनही मालिका मुलांपासून दूर ठेवावी, असे आम्ही म्हणणार नाही. आईवडिलांनी ती मुलांसोबत पाहावी आणि शेवटी त्यांना एकच प्रश्न विचारावा : जॅक आलाच नसता, तरी मिल्टनला त्या शाळेत जागा असती का? मालिकेने या प्रश्नाचे उत्तर अर्धेच दिले आहे. उरलेले अर्धे मुलांच्या तोंडून ऐकण्यासारखे असेल.