स्किड्स : एका दुय्यम पात्राची रूपांतरे

खेळण्यातल्या यंत्रमानवावर दिवाळी अंकात समीक्षालेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्याला नाव आहे, स्वभाव आहे, ज्याच्याविषयी कुणी गोष्ट लिहिली आहे आणि ती गोष्ट दुसऱ्याने बदलली आहे, ते पात्रच होय. मग त्याचे शरीर कागदाचे असो, मातीचे असो वा प्लॅस्टिकचे. शिवाय बाजाराने जन्माला घातलेल्या पात्राचे पुढे बाजारच काय करतो, हे पाहणे आपल्या मुलांच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

'ट्रान्सफॉर्मर्स' ही खेळणी आता आपल्या मुलांना नवी नाहीत. गाडीचे भाग उलगडले, फिरवले, पुन्हा जुळवले की तिचा यंत्रमानव होतो, हा त्यांचा मुख्य चमत्कार. अमेरिकेतील हास्ब्रो कंपनीने १९८४ साली ही मालिका बाजारात आणली. परंतु साचे मात्र बहुतांशी जपानच्या ताकारा कंपनीच्या 'डायाक्लोन' आणि 'मायक्रो चेंज' या आधीच्या मालिकांतले होते. या पसाऱ्यात ऑप्टिमस प्राइम हा नायक सर्वांना ठाऊक असतो. स्किड्स हे नाव मात्र संग्राहकांखेरीज फारसे कुणाच्या तोंडी नसते. तो १९८५ साली आला. त्याचे गाडीचे रूप होंडा सिटीचे होते. होंडा सिटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मागे लांब डिकी असलेली गाडी येते. पण १९८१ साली जपानमध्ये निघालेली मूळ सिटी अगदी ठेंगणी, उंच टपाची आणि काहीशी गमतीदार दिसणारी होती. शर्यतीच्या दिमाखदार गाड्यांच्या रांगेत ही घरगुती गाडी. दुय्यमपणा तिच्या अंगकाठीतच होता.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. जपानी 'डायाक्लोन' मालिकेत हे यंत्रमानव स्वयंभू नव्हते. त्यांना चालवणारा इवलासा माणूस खेळण्याबरोबर मिळे. यंत्र हे वाहन, आणि मन त्या चालकाचे. अमेरिकेत आणताना तो चालक काढून टाकण्यात आला. आता रिकाम्या झालेल्या जागी मन कुठून आणायचे? ते काम मार्व्हल कॉमिक्समधील बॉब बुडियान्स्की या लेखक-संपादकाकडे आले. बहुसंख्य यंत्रमानवांची नावे आणि खोक्याच्या पाठीवर छापायची स्वभाववर्णने त्याने लिहिली. बळ, बुद्धी, वेग, धैर्य अशा आठ गुणांचा आलेखही तेथे असे आणि लाल रंगाची पारदर्शक पट्टी त्यावर धरली की तो वाचता येई. एरवी खोका ही फेकून देण्याची वस्तू. येथे त्याच्या पाठीवर लघुत्तम व्यक्तिचित्रांची एक मालिकाच लिहिली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

स्किड्सचे व्यक्तिचित्र त्यांतले एक सरस चित्र आहे. तो योद्धा असण्याआधी सिद्धान्तकार आहे. पृथ्वी ही त्याच्या लेखी एक मोठी प्रयोगशाळा. रस्त्याने जाताना तो आजूबाजूचे सारे इतक्या कुतूहलाने टिपत असतो की समोर पाहायचे विसरतो आणि कशावर तरी आदळतो. चार ओळींत गुण आणि त्याच गुणातून उगवलेला दोष दाखवणे ही कथालेखकाची जुनी कसोटी आहे. ती येथे उतरली आहे. 

दूरचित्रवाणीवरील मालिकेत त्याच्या वाट्याला जेमतेम काही क्षण आले. परंतु १९८६ साली मार्व्हलच्या चित्रकथेच्या विसाव्या अंकात बुडियान्स्कीनेच त्याला न्याय दिला. सुपरमार्केटात गल्ल्यावर काम करणारी शार्लीन नावाची तरुणी त्याला साधी गाडी समजून घरी नेते, दुरुस्त करते. युद्धाला कंटाळलेल्या स्किड्सला वाटते, आपण गाडीच होऊन राहावे. रूपांतर हीच ज्याची ओळख, त्याला रूपांतर नकोसे होते. खेळण्यांचा खप वाढावा म्हणून लिहिलेल्या कथेत हा विचार यावा, हे विशेष. शत्रू माग काढत येतो आणि ते शांत जगणे संपते. पण वाचकाच्या मनात राहते ती लढाई नव्हे, ती स्वस्थ उभी असलेली गाडी.

या पात्राचे खरे नुकसान झाले ते २००९ साली. मायकेल बे यांच्या 'रिव्हेंज ऑफ द फॉलन' या चित्रपटात स्किड्स आणि मडफ्लॅप असे जुळे यंत्रमानव आले. आधी आइस्क्रीमची जुनाट गाडी, मग दोन नव्या छोट्या मोटारी. नाव जुने, स्वभाव मात्र नेमका उलटा. पुढे आलेला सोन्याचा दात, सतत बाचाबाची, शिवराळ बोली. आपल्याच ग्रहाची जुनी लिपी वाचण्याची वेळ येते, तेव्हा आम्ही फारसे वाचत नाही, असे ते सांगतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची ही ओंगळ नक्कल आहे, अशी टीका तेव्हाच झाली. ते यंत्रमानव आहेत आणि हे सारे गमतीखातर आहे, अशा आशयाचे समर्थन दिग्दर्शकाने केले. जगाकडे प्रयोगशाळा म्हणून पाहणारा सिद्धान्तकार निरक्षर विदूषक झाला. २०११ च्या पुढच्या चित्रपटात या जुळ्यांना जवळपास वगळण्यातच आले.

गमतीखातर हे समर्थन आपल्याकडच्या वाचकाने तरी सहज मान्य करू नये. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर हुकमी हशा हवा असला की गावंढळ गडी आणायचा, त्याच्या तोंडी कानडी हेल द्यायचा आणि त्याला दोन वाक्यांपलीकडे काही बोलू द्यायचे नाही, ही युक्ती जुनी आहे. बेळगाव-निपाणीकडचा माणूस पुण्या-मुंबईत तोंड उघडतो, तेव्हा त्या हशाचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागत नाही. म्हणून बोलीवर हसूच नये काय? तसे नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'रावसाहेब' या व्यक्तिचित्रात बेळगावी बोलीवर आपण पोट धरून हसतो. पण त्या बोलीमागे संगीत-नाटकाच्या वेडाने झपाटलेला, जीव लावणारा संपूर्ण माणूस उभा आहे. हसता हसता आपण त्याचे होतो. चित्रपटातल्या स्किड्सच्या बोलीमागे कुणीच नाही. फरक हसण्यात नाही, तो लेखकाने पात्राला दिलेल्या मानात आहे.

या दुसऱ्या स्किड्सचा आपल्या रस्त्याशी मात्र थेट संबंध आहे. चित्रपटात त्याचे मोटारीचे रूप शेवरोले बीटच्या नमुना-गाडीवरून घेतले होते. ती बीट जानेवारी २०१० मध्ये भारतीय बाजारात आली, आणि तिचे उत्पादन जनरल मोटर्सच्या पुण्याजवळील तळेगाव दाभाडे येथील कारखान्यात होई. कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तेथले उत्पादनही थांबले आणि कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. आता निपाणी-संकेश्वर रस्त्यावर एखादी जुनी बीट दिसली, तर तिचा आणि हॉलिवूडच्या यंत्रमानवाचा काही संबंध आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. जाहिरातीसाठी चढवलेले पात्र असे उतरते. मागे उरते ती संसाराला उपयोगी पडलेली गाडी.

सुदैवाने पात्राची कथा तेथे संपली नाही. २०१२ पासून आयडीडब्ल्यू या प्रकाशनाच्या चित्रकथामालिकेत जेम्स रॉबर्ट्स या लेखकाने स्किड्सला पुन्हा हाती घेतले. येथे तो कोणतेही कसब झपाट्याने आत्मसात करणारा आहे; मात्र स्वतःच्याच भूतकाळाचा एक तुकडा विसरला आहे. मूळच्या कुतूहलाला लेखकाने वेदनेची जोड दिली. पाठोपाठ २०१४ आणि २०२२ साली नवी खेळणी निघाली, दोन्ही पुन्हा निळ्या रंगात. २०२२ चे खेळणे तर होंडाचे नाव न घेता त्या पहिल्या ठेंगण्या गाडीच्या ठेवणीकडे परतले आहे. १९८५ च्या खेळण्याचे सांधे मोजके, उभे राहणे ताठर. नव्याचे गुडघे-कोपर वळतात, मान फिरते. कारागिरीत नवे निःसंशय सरस. पण संग्राहक जुन्याला जपतात, त्यामागे दुर्मीळतेइतकाच खोक्याच्या पाठीवरच्या त्या चार ओळींचा वाटा आहे, असे आमचे मत आहे.

अखेर प्रश्न उरतो तो खेळणाऱ्या मुलाचा. दिवाळीत आपल्या अंगणातल्या किल्ल्यावर अळीव पेरून मुले मातीची चित्रे मांडतात. महाराजांची जागा ठरलेली; पण बुरुजाकडेच्या नावगाव नसलेल्या मावळ्याला, गवळणीला स्वभाव देणारे कोणतेही खोके नसते. तो मावळा डुलक्या घेणारा की डोळ्यांत तेल घालून जागणारा, हे मूलच ठरवते आणि दरवर्षी बदलते. स्किड्सच्या बुडियान्स्कीकृत ओळींचे मोल हेच की त्या मुलाच्या कल्पनेला धक्का देऊन बाजूला होतात. चित्रपटाने मात्र मुलाच्या हाती आयता हशा दिला आणि कुणावर हसायचे तेही शिकवले. पालकांनी खेळणे घेताना किंमत, टिकाऊपणा जरूर पाहावा. त्याबरोबर येणारी गोष्ट दुय्यम पात्राला माणूस मानते की नाही, तेही एकदा वाचून पाहावे.