डॉ. कोटनीस की अमर कहानी

राजकमल कलामंदिर या संस्थेने निर्मिलेला व व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट (१९४६). ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ (१९४४) या इंग्रजी पुस्तकावर तो आधारलेला असून पटकथा अब्बास व व्ही. पी. साठे यांची, तर संगीत वसंत देसाई यांचे आहे. नायकाची भूमिका स्वतः शांतारामांनी, परिचारिका चिंग लानची जयश्री यांनी आणि जनरल फाँगची बाबूराव पेंढारकर यांनी केली. ‘द जर्नी ऑफ डॉ. कोटनीस’ या नावाने त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. युद्धभूमीवरील परिचारिकेच्या प्रेमाची कथा सांगणाऱ्या भारतीय चित्रपटांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. मात्र त्याचे मोल व मर्यादा ही दोन्ही, ज्या सत्यकथेवर तो उभा आहे तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

पहिल्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य साहित्यात जखमी सैनिक व परिचारिका यांच्या प्रणयाचा एक ठराविक साचा रूढ झाला. अर्नेस्ट हेमिंग्वे १९१८ च्या जुलैमध्ये इटलीच्या आघाडीवर जखमी झाला आणि मिलानच्या रुग्णालयात अ‍ॅग्नेस फोन कुरोव्स्की या परिचारिकेच्या प्रेमात पडला. हा अनुभव ‘ए फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९) या कादंबरीच्या मुळाशी आहे. १९३२ साली फ्रँक बोर्झेगी याने तीवर चित्रपट काढला. या साच्यात पुरुष अंथरुणाला खिळलेला व स्त्री उशाशी उभी असते. प्रेम उपजते ते त्याच्या परावलंबनातून. कादंबरीच्या अखेरीस बाळंतपणात माता व मूल दोन्ही दगावतात आणि पुरुष एकटा मागे उरतो.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०–९ डिसेंबर १९४२) यांची कथा या साच्यात बसत नाही. सोलापूरचे कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ साली जे पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात ते होते. पथकाचे नेतृत्व डॉ. मदन मोहनलाल अटल यांच्याकडे असून विदर्भातून नागपूरचे डॉ. चोळकर व बंगालमधून डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी त्यात सहभागी झाले होते. चौघे यथावकाश मायदेशी परतले. वडिलांच्या निधनाची वार्ता कळूनही कोटणीस मात्र तेथेच राहिले. १९४० च्या मोहिमेत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये संचालक झाले.

ग्वो चिंग-लान (१९१६–२०१२) या प्रशिक्षित परिचारिका असून बेथ्यून यांच्याच नावाच्या वैद्यकीय विद्यालयात परिचर्या हा विषय शिकवीत. दोघांची पहिली भेट १९४० साली बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात झाली व १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. येथे जखमी सैनिक आहे, पण तो प्रियकर नव्हे. तो दोघांच्या मधोमध शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेला तिसरा माणूस आहे. प्रेमाचा उगम परावलंबनात नसून समान कामात आहे. एवढी वेगळी सामग्री फारच थोड्या चित्रपटकथांच्या वाट्याला येते.

शांतारामांनी या सामग्रीचा पूर्वार्ध जोमदारपणे हाताळला आहे. महायुद्धकाळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते आणि युद्धप्रयत्नास पोषक अशा चित्रपटांची अपेक्षा निर्मात्यांकडून केली जाई. चीन दोस्त राष्ट्रांपैकी एक असल्याने हा विषय सरकारला चालण्यासारखा होता. त्याच्या आडून राष्ट्रीय सभेने पाठविलेल्या पथकाचा गौरव पडद्यावर आणणे हे शांतारामांचे चातुर्यच म्हणावे लागेल. चिनी पात्रे भारतीय नटांनी रंगविली व तीही हिंदुस्थानी बोलतात, हा त्या काळचा सर्वमान्य संकेत होता. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तथापि त्या संकेतामुळे एक मार्मिक गोष्ट हरवली. कोटणीसांनी चिनी भाषा परिश्रमाने शिकून तीत अध्यापन करण्याइतके प्रभुत्व मिळविले होते. या माणसाने एक परकी भाषा आपलीशी केली होती, याची जाणीव प्रेक्षकाला होत नाही.

खरा तोटा उत्तरार्धात होतो. चित्रपटातील नायक एका जीवघेण्या साथीवर उपाय शोधतो व तोच रोग त्याला जडतो. तो जपानी तुकडीच्या हाती सापडतो आणि निसटतोही. प्रत्यक्षात कोटणीसांना अपस्माराचे झटके येत आणि त्यानेच वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. झटके येत असतानाही रोजचे काम न सोडणारा शल्यचिकित्सक हा साथीशी झुंजणाऱ्या वीरापेक्षा नाट्यदृष्ट्या उणा ठरला असता काय? पटकथाकारांना तसे वाटले असावे. साहसी प्रसंगांच्या या भरतीत नायक उंचावतो, पण त्याच्या शेजारी उभी राहून काम करणारी स्त्री मागे सरकते. शिक्षिका असलेली चिंग लान हळूहळू केवळ पतिव्रता होऊन बसते.

यासंदर्भात ‘शकुंतला’ (१९४३) या चित्रपटाची आठवण होणे अपरिहार्य आहे. राजकमलच्या त्या चित्रपटात जयश्री यांनीच शकुंतला साकारली होती. पुत्रासह पतीच्या घराशी नाते जोडू पाहणारी स्त्री ही प्रतिमा शांतारामांच्या मनात ताजी होती आणि चिंग लानवर तिची गडद छाया पडली आहे. मृत्युशय्येवरील नायक पत्नीला आपल्या घराविषयी सांगतो व पडद्यावर ती बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी पोहोचते, हा अखेरचा भाग कल्पकतेने रचलेला आहे. मृताचा आवाज व जिवंत स्त्रीची पावले यांचा मेळ हृदयस्पर्शीही आहे. परंतु त्या घराच्या उंबरठ्यावर परिचारिका संपते आणि सून तेवढी उरते. मराठी प्रेक्षकाला या दृश्याने गहिवरून आले असल्यास नवल नाही. त्याला त्याची ओळखीची चौकट परत मिळाली होती.

चित्रपट प्रदर्शित झाला त्या वर्षी ग्वो चिंग-लान तीस वर्षांच्या होत्या. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव यिन-हुआ होते. त्यातील ‘यिन’ म्हणजे भारत व ‘हुआ’ म्हणजे चीन. त्या सोलापूरला सासरी राहावयास आल्या नाहीत. त्यांनी चीनमध्येच आपले काम चालू ठेवले व पुढे दालियन येथे वास्तव्य केले. यिन-हुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ साली मरण पावला. त्यानंतरही चिंग-लान यांनी कोटणीस कुटुंबाशी संबंध राखले आणि भारताला अनेकदा भेटी दिल्या.