शिफारस की सक्ती? : नेटवर्कवरील ब्राउझरच्या केंद्रीय व्यवस्थापनाची चिकित्सा

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील, प्रयोगशाळेतील व कार्यालयातील शंभर-दीडशे संगणकांवर ब्राउझर कसा उघडावा, कोणते मुखपृष्ठ दाखवावे, कोणत्या प्रॉक्सीमार्फत बाहेर जावे आणि वाचकाला त्यात काय बदलता यावे, हे आज एकाच ठिकाणाहून ठरविले जाते. ही बाब निव्वळ तांत्रिक समजून नेटवर्क-प्रशासकाकडे सोपविण्याचा प्रघात आहे. वस्तुतः प्रत्येक मांडणीमागे एक निर्णय दडलेला असतो : संस्था वापरकर्त्यास सोयीची सुरुवात करून देत आहे की त्याची निवड काढून घेत आहे? या एका भेदाच्या कसोटीवर उपलब्ध साधनांचा व त्यांच्या वापराचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ॲडमिनिस्ट्रेशन किटने या व्यवहाराला प्रथम व्यापक रूप दिले. ब्राउझरच्या शीर्षपट्टीवर पुरवठादाराचे नाव झळकविण्याची त्यातील सोय अनेकांच्या स्मरणात असेल. विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि ग्रुप पॉलिसीतून हे काम संपूर्ण नेटवर्कवर करता येऊ लागले. तथापि त्यातील 'इंटरनेट एक्सप्लोरर मेंटेनन्स' हा विभाग आरंभापासून संदिग्ध राहिला. त्यातून पाठविलेली मांडणी धोरण मागे घेतल्यावरही संगणकावर गोंदल्यासारखी शिल्लक राही. वापरकर्त्याला ती कधी बदलता येई, कधी बदल केल्यावर पुन्हा पूर्वपदावर जाई. नियम आणि सूचना यांची ही सरमिसळ २०१२ मध्ये एक्सप्लोररच्या दहाव्या आवृत्तीतून तो विभागच वगळला जाईपर्यंत चालली.

मराठी वाचकाला या सरमिसळीची झळ वेगळ्या रीतीने बसली. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या संकेतनाचे टंक वापरीत व ते पानाबरोबरच ब्राउझरमध्ये उतरवीत. एक्सप्लोररच्या सुरक्षा-क्षेत्रांत 'फॉन्ट डाउनलोड' ही स्वतंत्र मांडणी होती. सुरक्षिततेच्या हेतूने ती केंद्रीय पातळीवर बंद केली की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता पडद्यावर येई. इंग्रजी वाचणाऱ्याला त्या निर्णयाचा पत्ताही लागत नसे. एकाच नियमाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

या तुलनेत नेटस्केपकडून मोझिलाकडे आलेली पद्धत वैचारिकदृष्ट्या अधिक स्वच्छ होती. तिच्या संरचना-फाइलीत 'डीफॉल्टप्रेफ' आणि 'लॉकप्रेफ' अशी दोन निराळी विधाने आहेत. पहिले केवळ आरंभीचे मूल्य देते, दुसरे त्याला कुलूप घालते. (त्या फाइलीतील मजकूर प्रत्येक बाइट तेरा घरे सरकवून झाकण्याची मूळ रीत मात्र पोरकट म्हणावी लागेल, तिने कोणापासून काय लपत होते, हे कळणे कठीण आहे.) परंतु विंडोजच्या ग्रुप पॉलिसीशी थेट सांधा नसल्याने मोठ्या संस्थांनी फायरफॉक्सकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. ती उणीव मे २०१८ मधील साठाव्या आवृत्तीने दूर केली. क्रोमने तर हा भेद फोल्डरांच्या नावांतच ठेवला आहे : लिनक्सवर सक्तीची धोरणे 'मॅनेज्ड'मध्ये, शिफारशी 'रेकमेंडेड'मध्ये. मात्र क्रोमची सर्वच धोरणे शिफारस म्हणून देता येत नाहीत, ही मर्यादा नोंदविली पाहिजे.

साधने भेद जाणतात. वापरात तो पुसला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे. प्राध्यापकाला दिलेल्या लॅपटॉपवर प्रॉक्सीचा पत्ता कुलूपबंद केला की घरी एकही पान उघडत नाही. यावरचा उपाय नवा नाही. प्रॉक्सी केव्हा वापरावी व केव्हा थेट जावे हे ठरविणारी स्वयंचलित फाइल नेटस्केपने १९९६ मध्येच आणली होती.

सर्वाधिक गंभीर प्रश्न मूळ प्रमाणपत्राचा आहे. एचटीटीपीएसवरील रहदारी तपासावयाची असेल तर संस्थेचा प्रॉक्सी मध्ये उभा राहून प्रत्येक संकेतस्थळासाठी स्वतःच प्रमाणपत्र तयार करतो. ब्राउझरने त्यावर विश्वास ठेवावा म्हणून संस्थेचे मूळ प्रमाणपत्र केंद्रीय पद्धतीने सर्व संगणकांवर बसविले जाते. त्यानंतर कुलुपाचे चिन्ह पूर्ववत दिसते, कोणताही इशारा येत नाही. परंतु ईमेल, बँकेचा पासवर्ड, सहकाऱ्याला पाठविलेला गोपनीय परीक्षण-अहवाल असे सारे प्रॉक्सीवर उलगडले जाऊ शकते. फायरफॉक्समध्ये कुलुपावर क्लिक केल्यास प्रमाणपत्र देणारा मोझिलाच्या परिचयाचा नाही, अशी ओळ आढळते. पण असे क्लिक करून पाहणारे किती? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर अशी तपासणी पूर्वसूचनेवाचून करणे आणि तिला 'नेटवर्क सेटिंग' असे निरुपद्रवी नाव देणे कोणत्याही शैक्षणिक संस्थेला शोभत नाही.

याचा अर्थ सक्ती सर्वत्र त्याज्य आहे असा नव्हे. प्रयोगशाळेतील सामायिक संगणकावर पासवर्ड साठविण्याची सोय बंद असणे आणि ब्राउझर मिटताच इतिहास पुसला जाणे, हे कुलूप विद्यार्थ्याच्याच हिताचे आहे. तिथे ते ढिले ठेवणारा प्रशासक उदार नव्हे, निष्काळजी ठरतो. कालबाह्य आवृत्तीवर अडून न राहता अद्ययावतीकरण सक्तीचे करणेही तितकेच समर्थनीय होय. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर संपुष्टात आल्यानंतर तर त्यावर वाद नसावा. आक्षेप आहे तो मुखपृष्ठ, शोधयंत्र, भाषा, टंक अशा वाचनाच्या सवयींना कुलूप घालण्यास, आणि त्याहून अधिक, न सांगता घालण्यास.

न सांगण्याला आता तांत्रिक सबबही उरलेली नाही. क्रोमच्या मेनूत २०१९ पासून ब्राउझर संस्थेकडून व्यवस्थापित असल्याची सूचना दिसते, तर क्रोम व फायरफॉक्स या दोहोंतही लागू धोरणांची यादी दाखविणारे स्वतंत्र पान आहे. मात्र त्या पानावर धोरणाचे नाव व मूल्य मिळते. ते कोणी, कोणत्या कारणास्तव व कोणत्या बैठकीत ठरविले, हे मिळत नाही. तो तपशील ग्रंथालय समितीच्या किंवा महाविद्यालय विकास समितीच्या इतिवृत्तात असावयास हवा. मूळ प्रमाणपत्राची नोंद तर त्यात सर्वांत आधी यावी.